उमेदवारीच्या वर्षांचा खर्च : नवोदित गेमकर्ते आणि शीळफाट्याचा प्रश्न

कोणता पैसा?

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या माणसाला पैसा चार वेगवेगळ्या टप्प्यांवर लागतो. आधी शिक्षणाची फी. मग शिक्षण संपल्यापासून पहिला पूर्ण गेम लोकांच्या हाती पडेपर्यंतचा काळ. त्यात कमाई नसते किंवा नगण्य असते, आणि खरे शिकणे मात्र त्याच काळात होते. त्यानंतर मोठा गेम उभा करण्यासाठी लागणारे निर्मितीचे भांडवल. शेवटी चालत्या कंपनीला वाढीसाठी हव्या असलेल्या सवलती, म्हणजे जागा, वीज, करातली सूट. या चार गरजा वेगळ्या न काढता 'गेमिंगला प्रोत्साहन' असे मोघम म्हटले की पैसा आपोआप शेवटच्या दोन टप्प्यांकडे वळतो, कारण ताळेबंद आणि प्रकल्प अहवाल तिथेच तयार असतात. दुसऱ्या टप्प्यावरच्या माणसाकडे दाखवायला काहीच नसते. सुतारकामात, छपाईत, वकिलीत ज्याला उमेदवारी म्हणतात, तोच हा टप्पा, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे. सार्वजनिक पैसा सर्वांत आधी इथे लागतो, सर्वांत थोडाही इथेच लागतो, आणि तो कंपनीच्या नव्हे तर माणसाच्या हाती गेला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

एक गल्लत सुरुवातीलाच दूर करायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना वेगळी मान्यता दिली. घरोघरी मात्र अजूनही 'गेमिंग' म्हटले की रमी आणि पैज डोळ्यांसमोर येते. मुलगा गेम बनवतो असे सांगितल्यावर आईवडिलांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते, तिचे मूळ बऱ्याचदा इथे असते. इथे विचार आहे तो गेम रचणाऱ्यांचा: कोड लिहिणारे, पात्रे आणि जागा चितारणारे, ध्वनी देणारे, खेळाचे नियम आखणारे.

धोरणाचे आकडे

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतची तरतूद ३,२६८ कोटी रुपयांची. त्यातले ३०८ कोटी पहिल्या पाच वर्षांसाठी, २,९६० कोटी पुढच्या वीस वर्षांसाठी. अपेक्षा ५०,००० कोटींच्या गुंतवणुकीची आणि दोन लाख रोजगारांची. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये या क्षेत्राच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्राला मंजुरी दिली होती. तेच आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या नावाने मुंबईत पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात जुलै २०२५ पासून उभे राहिले आहे, आणि कायमची जागा गोरेगावच्या चित्रनगरीत ठरली आहे. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत या विषयाच्या प्रयोगशाळा उभारायची घोषणा झाली.

ही पावले मोलाची आहेत, आणि कर्नाटकाने २०१२ मध्येच असे धोरण आणले होते हे लक्षात घेता उशिराचीही आहेत. पण त्यांचा भर कुठे आहे ते पाहावे. शाळा-महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा पहिल्या टप्प्यावर आहेत. गुंतवणूक आणि रोजगारांचे आकडे चौथ्या टप्प्यावर. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला मुलगा गुंतवणूकदाराच्या दारात पोचेपर्यंत मधली दोन-तीन वर्षे काय खातो, कोणाकडे शिकतो, याची तजवीज या आकड्यांत दिसत नाही.

इतर योजना तपासल्या तरी तेच आढळते. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपये ठेवले आणि प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. पण त्यासाठी मान्यताप्राप्त, नोंदणीकृत कंपनी हवी, आणि ती दोन वर्षांहून जुनी नको. म्हणजे उमेदवारी संपायच्या आत कंपनी काढली तर मुदतीचा काटा शिकण्यातच सरतो. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम बँकेच्या कर्जाला अनुदानाची जोड देतो. यंत्रे घेऊन पिठाची गिरणी किंवा छापखाना टाकणाऱ्याला तो उपयोगी आहे. ज्याची सगळी गुंतवणूक स्वतःच्या वेळेची आहे, त्याने तारण काय ठेवायचे आणि पहिला हप्ता कशातून फेडायचा? २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सर्वांत जवळ येते, कारण ती पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन थेट खात्यात देते. पण तिला आधी प्रशिक्षण देणारी आस्थापना लागते, आणि गेमच्या बाबतीत नेमकी तीच जवळपास नसते.

खासगी पैसा आणखी पुढच्या टप्प्यावर उभा आहे. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २०२३ मध्ये भारतीय संघांसाठी ५० हजार ते दीड लाख डॉलर देणारा उपक्रम सुरू केला. सोनीने त्याच वर्षी प्लेस्टेशनसाठी इंडिया हिरो प्रोजेक्ट जाहीर केला, आणि मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' त्यात निवडला गेला. हे चांगलेच झाले. पण अशा निवडीत उभे राहायला जमलेला संघ लागतो आणि चालणारा नमुनाही हातात असावा लागतो.

शीळफाटा कोणत्या गटात?

दूरच्या भागातल्या गेमकर्त्यांचा प्रश्न निघाला की नजर गडचिरोली, नंदुरबारकडे जाते, आणि तिथली अडचण खरीच आहे. तरी मी मुद्दाम शीळफाट्याचे उदाहरण घेतो, कारण मदतीचे निकष कुठे चुकतात ते इथे स्पष्ट दिसते.

कल्याण-शीळ रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो तो हा नाका. एका अंगाला महापे, दुसरीकडे तळोजा, तिसरीकडे डोंबिवली. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई अशा तीन महापालिकांच्या हद्दी इथे जवळजवळ येतात. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा इथेच बाहेर पडतो. कल्याण-तळोजा मेट्रोचे काम याच पट्ट्यात आहे. खिडकाळीच्या जुन्या शिवमंदिरापासून थोड्याच अंतरावर पलावा वसाहतीचे मनोरे उभे राहिले, आणि आता त्याच परिसरात डेटा सेंटरांसाठी हजारो कोटींच्या गुंतवणुकीचे करार होत आहेत.

राज्याच्या उद्योग प्रोत्साहन योजना तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी करतात आणि महानगर प्रदेशाचा विकसित भाग 'अ' गटात टाकतात. कारखान्यासाठी हे बरोबर आहे, कारण बंदर, रस्ता, वीज, मजूर सगळे हाताशी असते. पण नवोदित गेमकर्त्याला यांतले काय लागते? त्याला लागते आपल्याहून दहा वर्षे पुढे गेलेले, आठवड्यातून एकदा शेजारी बसून त्याचे काम पाहणारे माणूस. लागते आपल्यासारखेच धडपडणारे चार-सहा जण. आणि लागतो झोप वगळून उरलेला सलग वेळ. या तीन गोष्टींच्या बाबतीत शीळ, दिवा, निळजे, डोंबिवली हे 'अ' गटात नाहीत. पेडर रोडला किंवा गोरेगावला एखाद्या व्याख्यानाला जाऊन यायचे तर गर्दीच्या लोकलने आणि शीळ रस्त्यावरच्या कोंडीने दिवस खाल्लेला असतो. पोट भरण्यासाठी ऐरोली-महाप्याच्या आयटी पाळीत जाणाऱ्या मुलाकडे रात्रीचे दोन तास उरतात, आणि तेही थकलेले.

म्हणून अंतर मोजायची पट्टी बदलायला हवी. मुंबई किती किलोमीटर, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. अनुभवी गुरूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो आणि तो वेळ काढायची ऐपत घरात आहे का, हे विचारायला हवे. या पट्टीने मोजले तर शीळफाट्याचा मुलगा सांगलीच्या मुलापेक्षा फार पुढे नाही. किंबहुना सांगलीचा मुलगा निदान मागास गटाच्या अर्जाला तरी पात्र ठरतो.

उमेदवारीत शिकायचे काय असते?

आज साधने फुकट आहेत. ब्लेंडर आणि गोडो मोफत आहेत, युनिटी ठरावीक उत्पन्नापर्यंत मोफत आहे, अनरिअल इंजिन एका गेमचे उत्पन्न दहा लाख डॉलर ओलांडेपर्यंत रॉयल्टी मागत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम टाकायला शंभर डॉलर लागतात, गुगल प्लेवर खाते उघडायला पंचवीस. शिकवणारे व्हिडिओ तर असंख्य. मग अडते कुठे?

अडते ते काम पूर्ण करण्यात. अर्धवट नमुने प्रत्येकाच्या संगणकात पडलेले असतात. पाच मिनिटांचा गमतीदार नमुना बनवणे आणि पाच तास टिकणारा, स्वस्त फोनवर न अडकता चालणारा, अनोळखी माणसाला सूचना न वाचता कळणारा गेम बनवणे, यांत फार मोठे अंतर आहे. कोणती कल्पना कापून टाकायची, खेळणारा कुठे वैतागून थांबतो, चित्रकाराला काम कसे समजावून द्यायचे, तारीख कशी पाळायची, पब्लिशरच्या करारातले हक्कांचे कलम कसे वाचायचे, ही कौशल्ये व्हिडिओतून येत नाहीत. ती कोणाच्या तरी हाताखाली, खऱ्या कामात, चुकत चुकत येतात.

आपल्याकडच्या स्टुडिओंमधून ही कौशल्ये आपोआप झिरपायला हवी होती. महाराष्ट्राचा इतिहास इथे कमी नाही. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स काढली. २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात आहे आणि २०१८ पासून मुंबईतही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' बाजारात आणला. पण मोठ्या स्टुडिओंतले बरेचसे काम परदेशी प्रकल्पाच्या एका तुकड्याचे असते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या नव्या आवृत्तीचे काम २०२० मध्ये पुणे-मुंबईकडे असल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलले. अशा साखळीत आपली माणसे तंत्रात तयार होतात, पण संपूर्ण गेमचा निर्णय घेण्याची सवय थोड्यांनाच लागते. असे असले तरी ही माणसे इथेच आहेत. शीळफाट्यापासून पुणे दीडशे किलोमीटरच्या आत आहे. गुरू होऊ शकतील असे लोक उपलब्ध आहेत. त्यांच्या वेळेचे पैसे देणारे कोणी नाही.

नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम या सगळ्याचा पुरावा म्हणून पाहता येतो. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून त्यासाठी पैसा उभारायचा प्रयत्न फसला. तरी संघ टिकला, पुढे पब्लिशर मिळाला, आणि २०२० मध्ये गेम जगभर पोचला. भारतीय मातीतला गेम परदेशी खेळाडू आवडीने खेळू शकतात हे त्याने दाखवले. पण फसलेल्या प्रयत्नानंतरची तीन वर्षे तग धरायला स्वतःच्या कामावरचा विश्वास आणि आर्थिक धग सोसण्याची ताकद लागते. ज्याच्या घरात एकच पगार येतो, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. किती 'राजी' पहिल्याच अपयशानंतर बंद पडले असतील, त्यांची नोंद कुठेच होत नाही.

बाहेर आणि घरात

स्वीडनमध्ये स्टॉकहोम आणि गोथेनबर्गच्या मधे शव्डे नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाने गेमचे शिक्षण सुरू केले, आणि शेजारीच सायन्स पार्कमध्ये नुकत्याच शिकून निघालेल्यांना बसायला जागा आणि मार्गदर्शन दिले. 'गोट सिम्युलेटर'वाली कॉफी स्टेन कंपनी तिथली. 'वॅलहाइम' हा पाच जणांच्या संघाने केलेला गेमही तिथलाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये आल्यावर सुमारे महिनाभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. स्कॉटलंडच्या डंडी शहरातून चालणारा यूके गेम्स फंड २०१६ पासून 'ट्रान्झफ्यूजर' ही योजना राबवतो. नुकत्याच पदवी घेतलेल्यांच्या संघाला उन्हाळाभरात नमुना करण्यासाठी काही हजार पौंड मिळतात, आणि बसायला-विचारायला त्यांच्याच गावाजवळचे विद्यापीठ केंद्र म्हणून दिले जाते. न्यूझीलंडने डनीडिन शहरासाठी प्रांतीय विकास निधीतून एक कोटी न्यूझीलंड डॉलर देऊन गेमचे केंद्र उभारले.

परदेशांतलाच दुसरा प्रकार पाहिला की फरक कळतो. ऑस्ट्रेलियाची गेमवरची ३० टक्के करसवलत किमान पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च करणाऱ्यालाच मिळते. न्यूझीलंडने २०२३ मध्ये आणलेल्या २० टक्के परताव्याला किमान अडीच लाख न्यूझीलंड डॉलरच्या खर्चाची अट आहे. त्या त्या जागी या योजना योग्य आहेत, पण उंबरठाच एवढा उंच की नवखा त्यावर पाय ठेवू शकत नाही. शव्डे आणि डंडीच्या लहान रकमांनी जे केले, ते मोठ्या सवलतींनी होण्यासारखे नव्हते.

आणि यासाठी आपल्याला परदेशाकडूनच शिकायला हवे असेही नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिले पुस्तक काढू पाहणाऱ्या लेखकाला ती हात देते. त्याने प्रकाशन संस्था काढावी अशी अट घालत नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेने साठाहून जास्त वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांच्या केंद्रांवर नाटके उभी केली, आणि मराठी रंगभूमीला व पडद्याला मिळालेले किती तरी नट, लेखक, नेपथ्यकार या मंचावरून आले. मराठी चित्रपटांसाठी १९७० च्या दशकात करमणूक कर परत करण्याची योजना निघाली, तिने चित्रपट जगवले. पण परतावा मिळायला आधी एक चित्रपट चाललेला असावा लागे. पहिल्यांदा कॅमेऱ्यामागे उभे राहणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. तीनही नमुने आपल्याच घरातले आहेत. गेमच्या बाबतीत पहिल्या दोहोंचा कित्ता गिरवावा.

हिशेब

उमेदवारीच्या या काळासाठी राज्याने एक पाठ्यवृत्ती काढावी आणि ती एका माणसाला एक वर्षासाठी द्यावी असे धरू. पुढचे आकडे माझे अंदाज आहेत, पण बाजारभावाच्या जवळचे. दरमहा २५,००० रुपये निर्वाहासाठी, म्हणजे वर्षाचे ३ लाख. ग्राफिक्स कार्ड असलेला बरा संगणक ९०,०००. महिन्याला आठ तास अनुभवी मार्गदर्शक, तासाला १,५०० रुपयांनी, वर्षाचे १,४४,०००. एका राष्ट्रीय परिषदेला जाणे-येणे-राहणे ३०,०००. चाचणीसाठी कमी किमतीचे वेगवेगळे फोन २५,०००. दुकानांची फी, ध्वनी आणि फॉन्टचे परवाने ११,०००. एकूण ६ लाख.

शंभर जणांना द्यायचे तर वर्षाला ६ कोटी, पाच वर्षांत ३० कोटी. राज्याने पहिल्या पाच वर्षांसाठी ठेवलेल्या ३०८ कोटींचा हा दहावा हिस्सासुद्धा होत नाही. त्यात पाचशे माणसे उमेदवारी करून निघतील. सगळे गेम चालणार नाहीत. चालावेत अशी अपेक्षाही नको. पण पूर्ण केलेला एक गेम हातात असलेला माणूस नोकरीला गेला तरी वेगळ्या पायरीवर जातो, आणि स्वतःचा स्टुडिओ काढला तर पुढच्या दोघांना शिकवतो.

या हिशेबातला मार्गदर्शकाचा आकडा कोणीही कापू नये. संगणक घेऊन दिल्याचे छायाचित्र निघते, म्हणून योजनांत यंत्रे राहतात आणि माणसांचे तास गळतात. गेमच्या बाबतीत उलटे करावे लागले तरी चालेल: संगणक जुना असला तरी निभते, विचारायला कोणी नसेल तर निभत नाही.

पैसे दरमहा आणि आगाऊ मिळाले पाहिजेत. आधी खर्च करा, मग बिले लावा, मग वर्षभराने रक्कम येईल, ही पद्धत ठेवली तर ज्याच्या घरात उसनवारीची सोय आहे त्यालाच योजना मिळेल. दर तिमाहीला चालणारी आवृत्ती दाखवणे, आणि निदान वीस अनोळखी माणसांनी ती खेळल्याची नोंद देणे, एवढी शर्त पुरेशी आहे. तिसऱ्या महिन्यात कल्पना बदलली तर तो दोष मानू नये. गेम असेच घडतात.

केंद्रे नवी बांधायची गरज नाही. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणमध्ये आहेत. त्यांतली एखादी खोली शनिवार-रविवार उघडी राहिली, वीज आणि इंटरनेट भरवशाचे असले, आणि ठरलेल्या वारी पुण्या-मुंबईचा एखादा अनुभवी माणूस तिथे येऊन बसला, तर शीळफाट्यापासून अंबरनाथपर्यंतच्या मुलांना एकमेकांचा पत्ता लागेल. आज एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन गेमकर्त्यांना एकमेकांची खबर नसते. एकाला चित्र येते, दुसऱ्याला कोड, आणि दोघेही आपापल्या खोलीत अडून बसलेले.

पूर्वपक्ष

पहिला आक्षेप असा की पाण्याची टंचाई आणि खड्डे असलेल्या भागात करदात्याचा पैसा खेळांवर का घालवावा. प्रश्न रास्त आहे. पण पैसा या क्षेत्राला द्यायचा हे राज्याने आधीच ठरवले आहे. वाद फक्त तो कोणत्या टप्प्यावर द्यायचा याचा उरतो. त्यातला लहानसा वाटा माणसावर लावला तर महापालिकेचा एकही नळ कोरडा पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: शिकलेली मुले बंगळूरला किंवा कॅनडाला जातील. काही जातीलच. पण आज जातात ती अर्धवट शिकून, मिळेल त्या कामावर जातात. नाटकातली माणसे गाव सोडून मुंबईला गेली म्हणून राज्य नाट्य स्पर्धा वाया गेली असे कोणी म्हटले नाही. शिवाय गेमचे काम घरबसल्या जगभर पोचवता येते. राहण्यासारखे कारण मिळाले, सोबत्यांचा गट मिळाला, तर बरेच जण राहतात, शव्डेत राहिले.

तिसरा आक्षेप यंत्रबुद्धीचा. चित्रे आणि कोड आता यंत्र देते, मग वर्षभर शिकवायचे कशासाठी? यंत्राने नमुना बनवणे सोपे केले हे खरे. त्यामुळे नमुन्यांची गर्दी वाढेल आणि पूर्ण, नेटका, खेळावासा वाटणारा गेम आणखी दुर्मिळ होईल. काय ठेवायचे आणि काय कापायचे हा निर्णय ज्याला येतो त्याची किंमत चढेल. तो निर्णयच उमेदवारीत शिकायचा असतो.

निवड कोणी करायची हा मात्र आक्षेप नसून खरी अडचण आहे. अधिकाऱ्यांना गेम पारखता यावा अशी अपेक्षा चूक, आणि उद्योगातल्या मोठ्यांच्याच हाती निवड दिली तर ते आपल्याला उद्या लागणारे कामगार निवडतील. समितीत निदान अर्धे लोक स्वतः छोटे गेम पूर्ण केलेले असावेत, दर वर्षी बदलावेत, आणि आपल्या जिल्ह्याच्या अर्जांवर त्यांनी मत देऊ नये. अर्ज मराठीत भरता यावा. इंग्रजीत सफाईने बोलणारा पुढे जातो आणि काम दाखवणारा मागे राहतो, हे आपल्याकडच्या मुलाखतींत रोज घडते; म्हणून सादरीकरणाआधी समितीने गेम स्वतः खेळावा आणि त्याला गुण द्यावेत. आणि बनलेल्या गेमचे सगळे हक्क करणाऱ्याकडेच राहावेत. शासनाने फार तर जिल्हा ग्रंथालयांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांत तो विनामूल्य खेळता येईल एवढी एक परवानगी घ्यावी.